सव्वादोनचे माप

"दहावा दिवस बाराव्याला केला, तर चालेल का, महाराज?"

नरहर टाकळकराने हा प्रश्न पायरीवर उभ्या उभ्याच विचारला. वहाणासुद्धा त्याने अजून धड काढल्या नव्हत्या.

टेकडीवरच्या मठात, स्वयंपाकघराच्या ओसरीवर, केवलस्वामी सुपात तुरीची डाळ घेऊन निवडत बसले होते. पंच्याऐंशी वर्षांचे वय. डोळ्यांना माणसे आता सावलीसारखी दिसत; पण डाळीतला खडा त्यांच्या बोटांतून सुटत नसे.

"कोणाचा दहावा?"

"समजा... कोणाचाही."

"समजा कोणी मेलं असेल, तर समजा पिंड द्यावा. त्यासाठी टेकडी कशाला चढलास?"

नरहरने वहाणा काढून पायरीखाली ठेवल्या.

"आणि बैस की. आवाज ओळखला मी. अकरा वर्षांपूर्वी भर पंगतीत आमच्या आमटीला अळणी म्हणून उठून गेलेला गृहस्थ तूच ना?"

"उठून गेलो नव्हतो, महाराज. जेवून गेलो होतो."

"खरं आहे. अळणी म्हणत चार वाट्या प्यायलास."

एरवी नरहर यावर हसला असता, आणि पाचवी वाटी मागितली होती हेही त्याने कबूल केले असते. आज तो ओसरीच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दारापासून जितके लांब बसता येईल तितके लांब, अंग चोरून बसला. हातातली कापडी पिशवी त्याने मांडीआड सरकवली.

घर सोडून आलेल्या सतरा वर्षांच्या नरहरच्या हाती स्वामींनीच पहिल्यांदा पळी दिली होती. सहा वर्षे तो या चुलीपाशी राबला. देवाला दाखवल्यावाचून रांधलेले जिभेला लावायचे नाही, चव न घेता अंदाज बांधायचा, हा मठाचा दंडक. त्या दंडकात जो मुरला त्याचा हात पुढे चुकत नाही. नरहरचा कधी चुकला नाही. निंबखेड आणि आसपासच्या गावांत लग्नाची तिथी धरण्याआधी लोक नरहर आचाऱ्याला विचारून घेत. पाचशे पानांचे मीठ तो मुठीने घाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळून पाहत नसे. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

"बोल. कोण गेलं?"

"द्वारका."

सुपातली बोटे थांबली.

"तुझी द्वारका?"

"हो."

"...कधी?"

"सोमवारी. आज सातवा दिवस."

स्वामींनी एक खडा उचलला, चिमटीत क्षणभर धरला आणि बाजूच्या वाटीत टाकला.

"आणि दहाव्या दिवशी असं काय आहे?"

"मुळे वकिलांच्या मुलाचं लग्न. साडेचारशे पान. मी शब्द दिलेला आहे."

"सुतकातला आचारी लग्नाचा शब्द पाळतो?"

नरहरने मान खाली घातली. त्याला ठाऊक नव्हते असे थोडेच होते! घरात माणूस गेले की दहा दिवस सुतक. त्या दिवसांत देवाला शिवायचे नाही, मंगलकार्यात पाऊल टाकायचे नाही, आणि आचाऱ्याने तर दुसऱ्याच्या चुलीकडे फिरकायचेसुद्धा नाही. हा नियम नरहर स्वतः इतरांना ऐकवीत आलेला होता.

"सुतक आहे हे कोणाला माहीतच नाही, महाराज."

"म्हणजे?"

"द्वारका गेली, हे निंबखेडात कोणाला सांगितलेलं नाही."

स्वामींनी सुपातली डाळ एकदा पसरून घेतली.

"सांग," स्वामी म्हणाले. "आता घाई करू नकोस."

नरहरने सांगितले. काविळीचे निमित्त झाले. आधी घरीच औषध केले, मग पोट फुगले, मग तिला जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात हलवले. तिथे एकोणीस दिवस. रोज सकाळी एक कागद हातात येई आणि रोज दुपारपर्यंत पैसे भरावे लागत. मुळे वकिलांचा विसार गेला, त्याआधी गोऱ्यांचा गेला, तांब्याची दोन मोठी पातेली गेली. सोमवारी दुपारी द्वारका गेली. तिचा भाऊ आला होता. संध्याकाळच्या आत त्याच गावात सगळे उरकले.

"मूल ना बाळ. रडायला मी आणि तिचा भाऊ, दोघंच. भाऊ जाताना म्हणाला, दहाव्याला नदीवर वाट पाहतो. आणि मी निंबखेडात परत आलो. शेजारच्यांनी विचारलं, वहिनी कशा आहेत. मी म्हणालो, बरी आहे. माहेरी ठेवून आलो आहे, चार दिवस विश्रांतीला."

"का?"

"दोन कार्यांचा विसार खर्च झालेला. वर्षात कमाईचे दोन महिने, ते हेच. सुतक सांगितलं असतं तर दोन्ही कार्यं गेली असती. पैसे परत कुठून करणार होतो मी?"

"एवढंच कारण?"

नरहरच्या आवाजाला धार आली.

"पैसा हे 'एवढंच' नसतं, महाराज. मठाला दवाखान्याचा कागद कोणी आणून देत नाही."

"बरोबर बोललास," स्वामी म्हणाले. "आमचे कागद खाली गावातली माणसं भरतात. ती राबतात म्हणून मी इथे डाळ निवडत बसतो. पण मला एक सांग. आचाऱ्यांत रिवाज आहे ना? ज्याच्या घरी सुतक, त्याचं कार्य दुसऱ्याने उचलायचं. राबणारा तो, आणि पैसा ज्याचं कार्य त्याचाच. माझ्या ऐकण्यात तरी असंच होतं."

"...आहे तसा रिवाज."

"मग विसार परत करण्याचा प्रश्न कुठे आला?"

नरहरने मांडीआडची पिशवी आणखी मागे सरकवली.

"निंबखेडात दुसरा आचारी नाही?"

"आहे. बाबू कोरडे." नरहरने हे नाव घशात अडकलेले काहीतरी बाहेर काढावे तसे काढले. "त्याला आचारी म्हणायचं असेल तर आहे. त्याच्या जिलेबीचा वेढा पाहिला आहे का तुम्ही? गांडूळ बरं. वरण असं, की पत्रावळीवरून पळतं, धरून आणावं लागतं. मी त्याला भर बाजारात म्हटलेलं आहे, बाबू, तू मयताच्या जेवणाची कामं घेत जा, तिथे लोक चवीकडे पाहत नाहीत."

स्वामी हसले. दात नसलेले, मोकळे हसू.

"हे छान बोललास की."

"सगळा बाजार हसला होता."

"आणि त्याच्या दारात जाऊन तू सांगणार, बाबू, माझ्या घरी..."

स्वामींनी वाक्य पुरे केले नाही. नरहरनेही केले नाही. पण त्याचे कान तापले. सात दिवस तो मनाशी घोकत आला होता की, पैशाने माझे तोंड बंद केले. दवाखान्याने केले, विसाराने केले. आता त्या ओसरीवर त्याला स्वच्छ दिसले की पैशाची गोष्ट खरी होती, आणि तरीही ती पुरी खरी नव्हती.

"महाराज," तो हळू म्हणाला, "गोऱ्यांचं लग्न चौथ्या दिवशी होतं. ते मी केलं."

"हं."

"पाचशे माणसं माझ्या सुतकातल्या हातचं जेवली. त्याला प्रायश्चित्त काय?"

"कोणाच्या पोटात दुखलं?"

"माझ्या हातचं जेवून?" नरहर ताठ झाला. "महाराज!"

"मग त्या पाचशे जणांना सोड. ते जेवले, हात धुतले, घरी गेले. तू त्यांच्यासाठी टेकडी चढलेला नाहीस." स्वामींनी मान किंचित कलती केली. "मघापासून तू मांडी हलवलीस की काहीतरी किणकिणतं. त्या पिशवीत काय आहे?"

नरहरने पिशवीवर हात ठेवला, आणि किणकिण थांबली.

"ओटी आहे."

"कोणाची?"

"...द्वारकेची."

स्वामींनी सूप खाली ठेवले.

नरहरला वाटले होते की हे सांगताना आपल्याला रडू येईल. ते आले नाही. आवाज कोरडा आणि हलका निघाला, जणू तो दुसऱ्याच कोणाची चहाडी सांगत होता.

"त्या दिवशी पहाटे गोऱ्यांकडे भट्टी पेटवली. घरी तीन दिवस मी नुसता भिंतीला टेकून होतो. काही सुचत नव्हतं. तिची चूल पेटवायलाही हात उचलत नव्हता. पण भट्टीला जाळ लागला, आणि माझे हात चालू लागले. कढई ठेवली, डाळ घातली, माणसांना हाका मारल्या. एकावर ओरडलोसुद्धा. अशी पंगत झाली, महाराज, की गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती. मठ्ठा लोकांनी मागून मागून घेतला. व्याही स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले आणि चार माणसांत त्यांनी माझी पाठ थोपटली. आणि मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, घरी गेल्यावर हे द्वारकेला सांगावं."

...

"तेवढ्यात गोरेकाकू आल्या. नवरीची आई. दर कार्याला द्वारका माझ्याबरोबर असायची. पुरण तिच्या देखरेखीखाली व्हायचं. गेल्या वर्षी त्यांच्या थोरलीच्या लग्नातही होती. काकू म्हणाल्या, 'यंदा वहिनी दिसल्या नाहीत?' मी म्हणालो, 'माहेरी गेली आहे.' त्यांनी ही पिशवी पुढे केली. म्हणाल्या, 'त्यांची ओटी आहे. आल्या की द्या. आणि माप माझ्या ध्यानात होतं म्हणावं.' कसलं माप, ते मी विचारलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी घेतली पिशवी. हसत घेतली. 'तिला फार आवडेल' असं म्हणालो."

"खोटं बोललास."

"नाही ना!" नरहरचा आवाज एकदम फाटला. "तेच तर सांगतो आहे. इतरांना मी माहेरी गेली म्हणून सांगत होतो, तेव्हा खोटं बोलत होतो. ते मला कळत होतं. पण त्या वेळी नाही. त्या वेळी ती माहेरीच होती. चार दिवसांनी येणार होती. मी रस्त्याला लागलो, पाराच्या वळणापर्यंत आलो, तेव्हा मला आठवलं... बायको जाऊन चार दिवस झाले नव्हते, महाराज. आणि चार वाट्या मठ्ठ्याच्या कौतुकात मी तिला जिवंत करून टाकलं. असा माणूस कोणत्या तोंडाने तिला पिंड देणार?"

वाऱ्याने सुपाच्या कडेची दोनचार टरफले उडाली.

"ही पिशवी घेऊन तीन दिवस फिरतो आहे," नरहर पुढे म्हणाला. "नदीत टाकायला गेलो, हिय्या झाला नाही. सवाष्णीची ओटी परत तरी कशी करायची? दुसऱ्या कोणा बाईला द्यावी तर ती विचारणार, ही कोणाची. घरात ठेवली तर..."

"उघडून पाहिलीस?"

"नाही."

"मग किणकिणतं काय?"

"ठाऊक नाही. ओटीत किणकिणण्यासारखं काही नसतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी."

"उघड."

नरहरने गाठ सोडली. नारळ निघाला, खण निघाला, तांदळाची पुडी निघाली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. त्याने कागद उलगडला.

"काय आहे?"

"बांगड्या. हिरव्या. डझनभर."

"मापाच्या?"

"असतील."

"तिचं माप काय होतं?"

नरहरने कागदातल्या बांगड्यांकडे पाहिले.

"...असेल अडीच."

"असेल?"

"बांगड्या तिच्या तीच भरून यायची, महाराज. पुरुषमाणूस कासाराकडे कशाला जातो?"

"नाही जात," स्वामी म्हणाले. "पाचशे पानांचं मीठ तुला मुठीने कळतं, म्हणून विचारलं."

नरहरने कागद पुन्हा पाहिला. कोपऱ्यात कासाराने निळ्या शाईने लिहिले होते : सव्वादोन.

"सव्वादोन," तो म्हणाला. आणि मग, कासाराबद्दल तक्रार करावी तसा : "सव्वादोन फार लहान होतात. त्या शाळकरी मुलीच्या मापाच्या होतात."

"गोऱ्यांच्या बाईंच्या ध्यानात होतं ना माप?"

"हो. गेल्या वर्षी लग्नात त्यांनीच तिचा हात धरून बांगड्या भरवल्या होत्या."

"मग सव्वादोनच."

नरहरने एक बांगडी उचलली. आपली बोटे जुळवून, तळहात आक्रसून त्याने ती हातावर चढवून पाहिली. ती बोटांच्या पेरांपाशीच अडली. अठ्ठावीस वर्षे तिचा हात त्याच्या पातेल्यांना फडकी देत आला होता, पुरणाचा घाणा वाटत आला होता, पाठीला तेल लावीत आला होता. आणि तो एवढा लहान होता.

"जाताना तिच्या हातात काय होतं?" स्वामींनी विचारले.

हा प्रश्न येऊ नये म्हणूनच नरहर मघापासून इतके बोलला होता.

"काही नाही."

"सवाष्ण गेली, आणि हातात काही नाही?"

"सुया टोचायच्या म्हणून दवाखान्यात बांगड्या कापल्या होत्या. मी... मी नव्या आणल्या नाहीत. कुंकू तिच्या भावाने लावलं. हिरवं लुगडं नाही, ओटी नाही. ओटी भरायला पाच बायका लागतात. भाऊ म्हणाला, निंबखेडला फोन कर, दोन तासांत शेजारणी येतील. मी म्हणालो, उशीर होईल. उशीर कसला होणार होता? पाच बायका बोलावल्या म्हणजे पाच घरांना कळलं. पाच घरांना कळलं म्हणजे गोऱ्यांना कळलं. मी तिला दवाखान्याच्या चादरीत नेलं, महाराज. मोकळ्या हातांनी."

आता मात्र त्याला रडू आले. ते मोठ्या माणसाला न शोभणारे रडू होते, नाक वाहणारे, मधे मधे उचकी लागणारे. त्याने तोंडाशी उपरणे धरले. सात दिवस कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून जे जे दाबून धरले होते, ते एका आंधळ्यासारख्या म्हाताऱ्यासमोर बाहेर पडत होते, आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती.

स्वामींनी त्याला गप्प केले नाही. जवळही घेतले नाही. ते नुसते बसून राहिले. नरहरचा श्वास जरा खाली बसला, तेव्हा त्यांनी ते डाळीचे सूप दोन्ही हातांनी उचलले आणि त्याच्यापुढे सरकवले.

"घे. हात रिकामे आहेत तर निवड. दुपारच्या आमटीची आहे. आज मीठही तूच घाल, म्हणजे अळणी झाली असं म्हणायला जागा राहणार नाही."

नरहरचा हात सवयीने पुढे गेला. डाळीला बोटे लागण्याआधी तो थांबला. त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली धरला.

"नको, महाराज."

"का?"

"मला सुतक आहे."

...

शब्द उच्चारून झाल्यावर नरहरनेच ते ऐकले. सात दिवसांत हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. गोऱ्यांच्या दारी निघाले नव्हते, शेजारी निघाले नव्हते, एकट्याने भिंतीला टेकून बसला असतानासुद्धा निघाले नव्हते.

स्वामींनी सूप परत आपल्याकडे ओढले.

"बरं. मग नुसता बैस."

तो बसला. ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आले, मग तिसऱ्या. आतून कोणीतरी चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. नरहरने एक एक करून बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. या वेळी त्याने घाई केली नाही.

"हे परत करू?" त्याने विचारले.

"का परत? तिची ओटी आहे, तिच्याकडे जाईल. दहाव्याला नदीवर घेऊन जा. तिचा भाऊ असेल, तो सांगेल कुठे ठेवायची."

"आणि गोरेकाकू?"

"त्यांच्याकडे तू स्वतः जायचं. उद्या सकाळी. माप बरोबर होतं एवढं तरी त्यांना कळायला हवं."

"त्या म्हणतील, माझ्या मुलीच्या लग्नात सुतक घेऊन आलास."

"म्हणतील. तू ऐकशील."

नरहरने मान हलवली. त्याला ते दार दिसले, त्या दारातली बाई दिसली, आणि आपल्या तोंडून न निघणारे पहिले वाक्य दिसले. तरी मान हलवली.

"आणि दहाव्याचं लग्न?"

"मुळे वकिलांचं मला काय विचारतोस? निंबखेडात आचारी आहे असं तूच म्हणालास."

"महाराज, बाबू कोरडे नाही म्हणणार नाही. रिवाज मोडायची त्याची छाती नाही. पैसाही तो घेणार नाही, माझ्या तोंडावर टाकील. मला ठाऊक आहे तो कसा हसेल."

"हसू दे."

"तुम्हाला तो माहीत नाही." नरहर उठून उभा राहिला होता, पिशवी त्याने छातीशी धरली होती, आणि आता ती किणकिणली तरी त्याने हात ठेवून आवाज थांबवला नाही. "मी त्याच्या पायरीवरून उतरेपर्यंत तो सायकल काढील. संध्याकाळपर्यंत गावात एक दार ठेवणार नाही. पिठाची गिरणी, वाण्याचं दुकान, आमची आळी... थांबून थांबून प्रत्येकाला सांगेल की टाकळकराची द्वारका गेली, आठ दिवस झाले, आणि याने कोणाला कळू दिलं नाही."

केवलस्वामींनी सुपातला शेवटचा खडा शोधून काढला आणि तो वाटीत टाकला.

"सांगू दे, नरहर. तुझ्याच्याने ते झालं नाही."